युनायटेड वायरलेसचा शेअर अठरा हजाराला घेऊ का?

तुझा प्रश्न नीट वाचला. पुण्यातला एक विक्रेता तुला युनायटेड वायरलेस टेलिग्राफ ह्या बिनतारी संदेश पाठवणाऱ्या जुन्या अमेरिकन कंपनीचं १९०८ सालचं शेअर सर्टिफिकेट अठरा हजाराला देतोय. त्याचं म्हणणं असं की कागदावर कॅन्सलचा शिक्का नाही म्हणजे शेअर अजून जिवंत आहे, कंपनी पुढं बिनतारीवाल्या मार्कोनीच्या कंपनीत गेली, मार्कोनी आरसीए ह्या रेडिओ कंपनीत, आरसीए जीईत म्हणजे जनरल इलेक्ट्रिकमध्ये, म्हणजे हिशेब काढला तर करोडोंचा माल, आणि तसं काही नाही निघालं तरी अँटिक आहे, दुप्पट होणारच. आणि तुला विचारायचंय की घेऊ का, आणि हा नाद लावून घ्यायचाच तर सुरुवात कुठनं करू. काका म्हणून विचारलंयस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नको.

अठरा हजाराला घेऊ नको. दीड-दोन हजाराला, कागद बरा असेल तर, घे की, मी पण घेतलाय. पण त्यानं जी कारणं सांगितलीत त्यातलं एकही खरं नाही आणि ती का खरी नाहीत हे कळलं की ह्या छंदातलं निम्मं कळलं, म्हणून जरा लांबण लावतो, चहा घेऊन बस.

मी तार खात्यात होतो, चौतीस वर्षं. ट्रेनिंगला मोर्स शिकलो, कट्ट कडकट्ट, अजून रात्री झोप लागली नाही की बोटं उशीवर वाजतात असं बायको म्हणते. जुलै २०१३ ला तार बंद झाली तेव्हा मी रिटायर होऊन झालेलो, तरी शेवटच्या दिवशी लाईनीत उभा राहून स्वतःच्याच पत्त्यावर तार केली. ह्या कागदांचा नाद मात्र त्याच्या आधीचा. इथं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत रद्दीवाल्याकडं एका जुन्या गिरणीचे शेअर्स मिळाले, अक्षरशः किलोवर, त्यातनं लागली चटक. मग पुतणीचा नवरा न्यू जर्सीला गेला, तो दर दिवाळीला एखादा अमेरिकन कागद बॅगेत घालून आणायला लागला. आज माझ्याकडं वायरलेसचे साठ-सत्तर कागद आहेत, आणि त्यातले निम्म्याहून जास्त लोकांना गंडवलेले कागद आहेत. हसू नको, तेच तर सांगायचंय.

आपल्याकडं शेअर म्हटलं की साखर कारखान्याचा. आज्जाच्या नावावरचा, ट्रंकेत ठेवलेला, दिवाळीला साखर मिळते म्हणून जपलेला. तो कागद फाटायचा नाही कारण त्याच्या मागं अजून काहीतरी चालू आहे. आता उलट विचार कर. एखादी कंपनी बुडाली तर तिच्या शेअरचं काय होतं? कोणी परत घेत नाही, कोणी बदलून देत नाही, कोणी त्यावर भोक पाडत नाही. तो तसाच कपाटात पडून राहतो, कडक, स्वच्छ, कॅन्सल न झालेला. आणि कंपनी चांगली चालली, विकली गेली, दुसरीत विलीन झाली तर? माणूस तोच कागद कंपनीकडं पाठवतो, कंपनी त्याला भोकं पाडते, शिक्का मारते, बदल्यात नवीन कंपनीचा कागद देते. म्हणजे वायरलेसमध्ये कॅन्सल नसलेला कागद म्हणजे बहुतेक वेळा मेलेला कागद, आणि भोकं पाडलेला कागद म्हणजे ज्याचे पैसे कोणालातरी मिळाले असा कागद. विक्रेता तुला नेमकं ह्याच्या उलटं सांगतोय. एक जोडायला पाहिजे, हरवलेले आणि विसरलेले कागद पण असतात, पण नियम म्हणून हेच धर.

आता युनायटेड. ही कंपनी नेमकी काय होती हे कळल्याशिवाय त्या कागदाची मजा नाही.

सुरुवात ली डी फॉरेस्ट ह्या अमेरिकन वायरलेस संशोधकापासनं. हुशार माणूस, पण पैशाच्या बाबतीत भोळा म्हणावं का लबाड म्हणावं हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. त्याला अब्राहम व्हाईट नावाचा एक प्रमोटर, म्हणजे कंपन्या काढून शेअर खपवणारा, भेटला, मूळ आडनाव श्वार्ट्झ, म्हणजे काळा, ते बदलून व्हाईट केलं, इथंच काय ते समजून घे. दोघांनी मिळून अमेरिकन डी फॉरेस्ट वायरलेस टेलिग्राफ कंपनी चालवली, १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात मोठ्ठा टॉवर उभा केला आणि शेअर्स विकले. तार पाठवून मिळायचं थोडं, शेअर विकून मिळायचं भरपूर. जाहिरातीत एकच टेप, बेलच्या टेलिफोनमध्ये सुरुवातीला ज्यांनी पैसे घातले ते बघा आज कुठं आहेत, ती संधी तुम्ही घालवली, ही घालवू नका. पुढं फेसेंडेन नावाच्या दुसऱ्या वायरलेस संशोधकाच्या पेटंटची चोरी केल्याबद्दल कोर्टात हरले, आणि १९०६ च्या शेवटाला व्हाईटनं जुन्या कंपनीचं सगळं सामान उचलून युनायटेड वायरलेस नावाच्या नव्या कंपनीत टाकलं. डी फॉरेस्टला हजार डॉलर हातावर ठेवून घालवलं. सोबत ऑडिऑन नावाच्या, पुढं रेडिओच्या व्हॉल्व्हचं मूळ ठरलेल्या काचेच्या नळीचं पेटंट त्याला नेऊ दिलं, कारण ते कोणाला कामाचं वाटलं नाही. पुढं १९१३ ला टेलिफोनसाठीचे त्याचेच हक्क एटी अँड टी ह्या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीनं पन्नास हजार डॉलरला घेतले. नशीब म्हणतात ते हे.

पण व्हाईटलाही वर्षभरात बाजूला केलं, कंपनी गेली कर्नल ख्रिस्तोफर कोलंबस विल्सनच्या हातात. नाव खरंच कोलंबस. ह्या माणसानं काय केलं बघ. शेअरची दर्शनी किंमत दहा डॉलर, पण विकायचा भाव बाजार ठरवत नव्हता, कंपनीच ठरवायची, आणि पत्रकं पाठवून वरचेवर वाढवायची. अमुक तारखेनंतर भाव वाढणार, आत्ताच घ्या. लोकांना वाटायचं आपला शेअर वाढतोय. विकायला गेलं की कळायचं की सामान्य लोकांना विकलेला शेअर ठरावीक मुदतीपर्यंत दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही अशी अट आहे. म्हणजे आत जायला दार, बाहेर यायला भिंत. आपल्याकडं सागवानाच्या झाडांत पैसे घातलेले, इमूत घातलेले आणि पुढं कडकनाथ कोंबडीत घातलेले लोक माझ्या ओळखीत आहेत, त्यांना मी हा कागद दाखवला की लगेच म्हणतात, अरे हे तर आमचंच.

आता न्याय करायचा तर हेही सांगतो, युनायटेड निव्वळ कागदी कंपनी नव्हती. सुमारे चारशे जहाजांवर तिची यंत्रं होती, किनाऱ्यावर सत्तरएक स्टेशनं होती, खरे ऑपरेटर खरे संदेश पाठवत होते. पण बरीच स्टेशनं तारेसाठी कमी आणि गावातल्या लोकांना मनोरा दिसावा, शेअर खपावा म्हणून जास्त. जून १९१० ला पोस्टाच्या इन्स्पेक्टरांनी न्यूयॉर्कच्या ऑफिसवर धाड घातली, पोस्टाचा वापर करून फसवणूक असा गुन्हा (पोस्टाचे इन्स्पेक्टर म्हणजे आमच्याच भावकीतले, म्हणून मला ह्या भागात जरा जास्तच आनंद होतो). १९११ ला विल्सनला शिक्षा झाली, तीन वर्षं, अटलांटाच्या जेलमध्ये, आणि तिथंच १९१२ ला तो वारला. कंपनी दिवाळखोरीत. १९१२ ला अमेरिकन मार्कोनीनं, म्हणजे मार्कोनीच्या कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेनं, तिची मालमत्ता घेतली, म्हणजे स्टेशनं, जहाजांवरची यंत्रं, कंत्राटं.

मालमत्ता. हा शब्द धरून ठेव. विक्रेत्याची साखळी इथंच तुटते. दिवाळखोर माणसाचा ट्रॅक्टर लिलावात मी घेतला म्हणजे त्याच्या भावांचा वाटा माझ्या शेतात येत नाही. पुढची साखळी बरोबर आहे, अमेरिकन मार्कोनीच्या भागधारकांना १९१९ नंतर आरसीएचे शेअर्स बदलून मिळाले, आणि १९८६ ला आरसीए जीईनं घेतली. पण त्या साखळीत तुझा १९०८ चा युनायटेडचा कागद चढतच नाही, तो फलाटावरच राहिला.

आणि म्हणूनच तो स्वस्त पाहिजे. लई लोकांना विकला गेला, फारसा कोणी परत केला नाही, बरेच टिकले. दुर्मिळ काही नाही त्यात. पण मला विचारशील तर वायरलेसच्या सगळ्या कागदांत माझा सगळ्यात लाडका हाच. माझ्याकडच्या एकावर नाव एका बाईचं आहे, शेअर दोन. दोनच. वीस डॉलर दर्शनी. नाव लिहिणाऱ्याचं अक्षर एवढं सुंदर, आमच्या खात्यातल्या जुन्या हेडक्लार्कसारखं, आणि मागची बाजू पूर्ण कोरी. कधी विकलाच नाही तिनं. विकता आलाच नसेल.

मागची बाजू म्हटलं तर तेच सांगतो, कारण ऑनलाइन विकणारे नव्वद टक्के लोक फक्त पुढचा फोटो टाकतात आणि नवीन माणूस तेवढ्यावर भुलतो. पुढं चित्र असतं, मनोरे, जहाज, वीज, कुठली तरी देवीसारखी बाई. मागं हस्तांतरणाचा मजकूर छापलेला असतो, कोणी कोणाला दिला, तारीख, सही, साक्षीदार, आणि कधी कराची तिकिटं, म्हणजे रेव्हेन्यू स्टॅम्प. ही तिकिटं म्हणजे कागदाचं जन्मपत्र. अमेरिकेत युद्धाच्या खर्चासाठी केंद्र सरकारनं १८९८ ते १९०२ असल्या कागदपत्रांवर कर लावला होता, त्या तिकिटांवर युद्धनौकेचं चित्र असतं. मग तो कर बंद, परत चालू १९१४ च्या डिसेंबरला. मधल्या काळात केंद्राचं तिकीट नाही, पण न्यूयॉर्क राज्यानं १९०५ पासून शेअर हस्तांतरणावर स्वतःचा कर चालू केला, त्याची तिकिटं वेगळी. आता कोणी तुला १९०८ चा व्यवहार दाखवला आणि त्यावर युद्धनौकेचं तिकीट, तर कोणीतरी कागद सजवलाय. मला असा एक आला होता, विकणाऱ्यानं तिकीट मागनं चिकटवलेलं, शाईचा रद्द-शिक्का तिकिटावर होता पण कागदावर उतरलाच नव्हता, तिकिटाच्या कडेला येऊन बरोब्बर कापल्यासारखा थांबलेला. कळायला मला दोन वर्षं लागली, पैसे देऊन झालेले.

इंग्लंडच्या कागदांवर बहुतेक चिकटवायचं तिकीट नसतं, कर भरल्याचा उठावदार ठसा कागदातच दाबलेला असतो, बोट फिरवलं की लागतो. फोटोत दिसत नाही, तिरका उजेड टाकून फोटो मागायचा.

छपाई. मोठ्या अमेरिकन कंपन्यांचे कागद अमेरिकन बँक नोट कंपनीसारख्या ठिकाणी पोलादी प्लेटवर कोरून छापलेले, शाई कागदावर उंच बसते, जुन्या नोटेवर हात फिरवल्यासारखं. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात यायचं तर अशी कोरीव छपाई लागायची, नक्कल होऊ नये म्हणून. पण बनावट आणि अर्धबनावट वायरलेस कंपन्या बाजारात यायच्याच नव्हत्या, दारोदार आणि पोस्टानं विकायच्या होत्या, म्हणून त्यातल्या बऱ्याच जणांनी स्वस्तातली लिथो, म्हणजे सपाट, छपाई करून वर सोनेरी शिक्का मारला. तर सपाट छपाई दिसली म्हणून नकली म्हणू नको, ती त्या कंपनीची ऐपत आणि नियत दोन्ही सांगते. नकली ओळखायचा तर भिंग. गुजरीत सराफ डोळ्याला लावतात तसलं दहापट भिंग घे, दोन-तीनशेला मिळतं. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, निळे-गुलाबी-पिवळे बारीक ठिपके, की तो आजच्या प्रिंटरचा बाळ आहे. हातानं लिहिलेलं नाव आणि आकडा तर नक्की बघ, खऱ्या शाईला जाडबारीक रेघ असते, टाक दाबला तिथं शाई जास्त, जुनी शाई काळ्याची तपकिरी होते आणि मागच्या बाजूला थोडी उमटते. छापलेल्या सहीला हे काही नसतं.

सहीचं एक. मार्कोनीची सही म्हणून कोणी दाखवलं की आधी हात खिशात घाल. अमेरिकन मार्कोनीच्या कागदावर अध्यक्षाची सही असायची आणि अध्यक्ष होते जॉन ग्रिग्ज, न्यू जर्सीचे माजी गव्हर्नर, स्वतः मार्कोनी नव्हे. कंपनीचं नाव मार्कोनी म्हणून सही मार्कोनीची असं होत नाही, आपल्या इथं कारखान्याला ज्याचं नाव असतं तो थोडाच पावतीवर सही करतो.

मार्कोनीचे कागद कसे बघायचे ते सांगतो. लंडनला २० जुलै १८९७ ला वायरलेस टेलिग्राफ अँड सिग्नल कंपनी झाली, भांडवल एक लाख पौंड, त्यातले एक-एक पौंडाचे साठ हजार शेअर्स आणि पंधरा हजार पौंड रोख मार्कोनीला पेटंटच्या बदल्यात. पोराचं वय तेव्हा तेवीस. १९०० ला नाव बदलून मार्कोनीज वायरलेस टेलिग्राफ कंपनी. म्हणजे पहिल्या नावाचा कागद जेमतेम तीन वर्षांचा, तो मिळाला तर सोन्याच्या भावाचा, मला अजून मिळालेला नाही, मिळेल असंही वाटत नाही. त्यानंतरचे कागद दोन तारखांभोवती फिरतात. एक १२ डिसेंबर १९०१, कॉर्नवॉलमधल्या पोल्धूवरनं पाठवलेलं एस हे अक्षर मार्कोनीनं अटलांटिकच्या पलीकडं न्यूफाउंडलंडला ऐकलं. तीन ठिपके. मी मोर्सवाला माणूस म्हणून सांगतो, खरखरीत तीन ठिपके कोणालाही ऐकू येतात, ज्याला ऐकायचे आहेत त्याला तर नक्कीच, आणि तज्ज्ञ लोक अजून त्यावर भांडतात. पण बाजारानं ऐकलं ना, पुरे.

दुसरी १९१२. मार्कोनीचा लंडनचा शेअर ऑगस्ट १९११ ला सव्वादोन पौंडांच्या आसपास होता, तो एप्रिल १९१२ ला नऊ पौंडांपर्यंत गेला. १५ एप्रिलला टायटॅनिक बुडाली, बोटीवरचे दोन्ही वायरलेस ऑपरेटर मार्कोनी कंपनीचे नोकर, त्यांच्या संदेशामुळं सातशेवर लोक वाचले. आणि त्याच आठवड्यात इंग्लंडचे ॲटर्नी जनरल रुफस आयझॅक्स, ज्यांचा सख्खा भाऊ मार्कोनी कंपनीचा मॅनेजिंग डायरेक्टर, त्यांनी अमेरिकन मार्कोनीचे दहा हजार शेअर्स घेतले आणि त्यातले हजार अर्थमंत्री लॉइड जॉर्जना विकले. सरकारचं मोठं कंत्राट त्याच वेळी मार्कोनीला जाणार होतं. संसदेत राडा झाला, चौकशी झाली, सगळे सुटले. आणि हेच आयझॅक्स पुढं लॉर्ड रीडिंग म्हणून आपल्याच डोक्यावर व्हाइसरॉय होऊन बसले, १९२१ ते २६. म्हणून अमेरिकन मार्कोनीचा १९१२-१३ चा कागद मी कोणालाही पहिला कागद म्हणून सुचवतो. पाच डॉलर दर्शनी, वीस लाख शेअर्स होते, त्यामुळं भरपूर मिळतात, स्वस्त आहेत, भोकं पाडलेले असतात कारण आरसीएत बदलून दिले, आणि एका कागदात टायटॅनिक, लाच की मैत्री हा वाद आणि आपला व्हाइसरॉय एवढं सगळं बसतं. भोकांना नाक मुरडू नको. भोकं म्हणजे ह्याच्या मालकाला बदल्यात काहीतरी मिळालं ह्याची पावती.

बाकीच्यांत कॉलिन्स वायरलेस टेलिफोन आहे, पुढं कॉन्टिनेंटल वायरलेसमध्ये गेली, कॉलिन्सला पण १९१३ ला शिक्षा झाली. डी फॉरेस्टच्या नंतरच्या रेडिओ टेलिफोन कंपनीचे कागद आहेत, त्याच्यावर पण १९१३ ला खटला झाला, तो स्वतः सुटला, भागीदार अडकले. केंटकीच्या नेथन स्टबलफील्डच्या नावावर विकली गेलेली वायरलेस टेलिफोन कंपनी ऑफ अमेरिका १९०२ ची. फेसेंडेनच्या कंपनीचा कागद शोधत बसू नको, ती पिट्सबर्गच्या दोघा पैसेवाल्यांच्या जिवावर चालली, लोकांना शेअर विकायची गरजच नव्हती त्यांना. आलं का लक्षात? आवाज आणि संगीत हवेतनं पाठवणारा खरा अभियंता, पण त्याचा कागद बाजारात नाही, आणि जेलात गेलेल्यांचे ढिगानं.

आता भारताकडं ये, कारण माझं मत विचारशील तर मराठी माणसानं ह्यातच जास्त जीव घालावा. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोसांनी १८९५ ला बिनतारी लहरींनी भिंतीपलीकडं घंटा वाजवून दाखवली, १९०४ ला त्यांना अमेरिकन पेटंट मिळालं, पण त्यांनी कंपनी काढली नाही, पेटंटची पण त्यांना नावड, म्हणून बोसांचा शेअर असा काही कागदच नाही. कोणी दाखवला तर मला फोन कर, बघायला मजा येईल. पण इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनी होती. तिनं १९२७ ला इंग्लंडशी बीम वायरलेस, म्हणजे एकाच दिशेनं झोत सोडून संदेश पाठवणं, चालू केलं, पाठवायचं स्टेशन खडकीला आणि घ्यायचं दौंडला. आपण पुण्याहून सोलापूरला जाता-येता ज्या दौंडच्या नावानं रेल्वेत शिव्या घालतो ते दौंड, तिथं लंडनहून संदेश उतरत होते. ती कंपनी १९३२ ला समुद्री केबलवाल्यांच्या भारतातल्या कारभाराशी जोडून इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स झाली, १९४७ ला सरकारनं घेतली, तिचीच पुढं व्हीएसएनएल, म्हणजे विदेश संचार निगम. आणि दुसरी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी, मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ ला व्हाइसरॉय आयर्विनच्या हस्ते, पुढच्या महिन्यात कलकत्ता, आणि १९३० च्या मार्चला गुंडाळली. अडीच-पावणेतीन वर्षांचं आयुष्य. ह्या दोन्हींचे कागद मी पंधरा वर्षं शोधतोय, मुंबईत चोरबाजारात, पुण्यात, सांगली-मिरजेच्या वाड्यांत, इथं महाद्वार रोडला जुन्या वकिलांच्या दप्तरांत. संस्थानिक, सावकार, वकील ह्यांनी मुंबईच्या कंपन्यांत पैसे घातलेले असायचे, दप्तर अजून माळ्यावर आहे, नातू फ्लॅट घेतो तेव्हा रद्दीत जातं. तू तरुण आहेस, गाडी आहे, माळे चढू शकतोस. पुण्यातल्या त्या माणसाला अठरा हजार देण्यापेक्षा त्यातल्या दोन हजाराचं पेट्रोल घाल.

फक्त एक सावधगिरी, आणि ही मस्करी नाही. माळ्यावर भारतीय कंपनीचा जुना कागद मिळाला तर तो आधी गोळा करायची वस्तू समजू नको, आधी मालमत्ता समज. कंपनी नाव बदलून जिवंत असेल तर त्यावर बोनस, डिव्हिडंड साठलेला असू शकतो, सात वर्षं कोणी मागितला नाही तर शेअरसकट सरकारच्या आयईपीएफ नावाच्या फंडात जातो, पण वारसाला कागदपत्रं दाखवून परत मागता येतो. एप्रिल २०१९ पासनं शेअर बाजारातल्या कंपनीचा कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, वारसा हक्क वगळता, आधी डीमॅट करावं लागतं. माझ्या ओळखीच्या एकानं आजीच्या नावचे कागद छंदवाल्याला पाचशेला दिले आणि नंतर कळलं काय होतं ते. आता घरात त्या विषयावर बोलत नाहीत.

अजून एक कायद्याचं, बाहेरनं विकत आणायला फारशी अडचण नाही, कस्टमचं बिल आणि खरेदीची पावती जपून ठेव. पण इथनं बाहेर पाठवताना १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू आणि कागदपत्रांच्या बाबतीत पंचाहत्तर वर्षांवरची, परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळं भारतीय कागद ऑनलाइन परदेशात विकून दुप्पट करू, असला विचार असेल तर सोड.

सांभाळायचं कसं, हे कोल्हापुरात राहून सांगतो म्हणून जास्त पटेल. आपला जुलै-ऑगस्ट. पंचगंगा पात्राबाहेर, रंकाळ्यावर धुकं, भिंतींना ओल, आणि कपाटात ठेवलेला कागद सादळलेल्या पापडासारखा मऊ. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात काही ठेवू नको. खालच्या मजल्यावर, तळकप्प्यात तर अजिबात नाही, २०१९ आणि २०२१ च्या पुराचा अनुभव आहेच सगळ्यांना, माझे कागद वरच्या मजल्यावर होते म्हणून वाचले, खालची आल्बमं गेली, त्यात आमच्या लग्नाचं पण होतं, आणि मी आधी कागद बघायला वर पळालो हे बायको अजून काढते. पॉलिस्टरच्या पारदर्शक पिशव्या मिळतात त्या घे, मायलर म्हणतात, स्टेशनरीच्या दुकानातली वास येणारी मऊ प्लास्टिक फाइल नको, ती शाई ओढून घेते. सिलिकाची पुडी ठेव, निळी गुलाबी झाली की तव्यावर गरम करून परत. कसर लागते, चांदीसारखी चमकणारी ती, तिला खळ आवडते, तिकिटाच्या मागचा डिंक तर मेजवानी. महिन्यातनं एकदा कागद काढून हवा दे, पावसाळा संपला की दसऱ्याच्या आधी सगळे एकदा बाहेर.

लॅमिनेशन करू नको. हे मी ओरडून सांगतोय असं समज. मी माझ्या पहिल्या चांगल्या कागदाचं, अमेरिकन डी फॉरेस्टचा होता, बिंदू चौकाजवळ एका दुकानात हौसेनं लॅमिनेशन करून घेतलं, पोरानं विचारलं पण, काका कडेचं पांढरं कापू का. मी म्हटलं काप. कडेची नक्षी गेली, शाई उष्णतेनं पसरली, आणि आता तो कागद म्हणजे शाळेचं ओळखपत्र. त्या पोराची काही चूक नाही. सेलोटेप पण नको, फाटला असेल तर फाटलेलाच ठेव. सरळ करायला इस्त्री नको, दोन कोऱ्या कागदांत घालून जाड पुस्तकांखाली पंधरा दिवस.

तर तुझ्या त्या व्यवहाराचं. विक्रेत्याला सांग मागच्या बाजूचा फोटो पाठव, आणि तिरक्या उजेडात पुढचा, आणि आकडा-नाव-सही जवळनं. दिला तर मला पाठव. नाही दिला तर उत्तर मिळालंच. दिला, कागद खरा निघाला आणि तो दोन हजारापर्यंत खाली आला तर घे, त्यावर नाव कोणाचं आहे आणि किती शेअर आहेत ते आधी वाच, पाच-दहा शेअरवाला बारका माणूस असेल तर तोच घे, हजार शेअरवाला दलाल असतो. आणि करोडोंचं परत काढलं त्यानं, तर विचार की मग तुम्ही का विकताय. मी इथं ताराबाई पार्कात असतो, रविवारी दहानंतर घरीच, भिंग घेऊन ये, माझ्या भिंगाचा दांडा तुटलाय.